कागद फाटला की सांग

कुणाच्याही घरी गेले की गुरुजी आधी भिंत वाजवायचे. बाजारात कलिंगड घेताना आपण टकटक करून बघतो, तसे. मग भिंतीला कान लावायचे. यजमान चहाचा कप घेऊन अवघडून उभा.

"घ्या की आमदारसाहेब, निवतोय."

"निवू दे. आधी भिंत, मग चहा."

भिंतीने समाधानकारक उत्तर दिले तर बसायचे. नाही दिले तर उभ्यानेच चहा पिऊन जाताना घरातल्या बाईला सांगायचे, "ताई, पोरास्नी ह्या अंगाला झोपवू नका." असल्या पाहुण्याला कोण बोलावणार? पेठेतल्या निम्म्या भिंती पांढऱ्या मातीच्या, आणि निम्म्यांची उत्तरे वाईट.

संस्थान विलीन झाले, पहिली निवडणूक झाली आणि आमच्या पेठेने एका प्राथमिक शिक्षकाला मुंबईच्या असेंब्लीत पाठवले. का पाठवले, हे पेठेला नंतर नीट सांगता येईना. आमदार म्हणजे फेटा, जीप आणि मागे चार माणसे. ह्यांच्याकडे सायकल, आणि मागे कॅरिअरला कागद चिकटवायच्या खळीचा डबा. "साहेब मुंबईत असत्यात," ते म्हणायचे, "मी गुरुजीच हाय."

असेंब्लीत ते एकच वाक्य बोलतात, अशी त्यांची थट्टा होई. ती खरी होती. चर्चा शिक्षणावर असो की अर्थसंकल्पावर, गुरुजी उभे राहत आणि म्हणत, "पोरांच्या डोक्यात काय घालायचं ते मागनं ठरवा, आधी डोक्यावर काय हाय ते बघा." सभासद हसत. कोणतीही शाळा भाड्याच्या घरात भरवण्याआधी त्या घराची तपासणी झालीच पाहिजे, एवढाच कायदा त्यांना हवा होता. त्यासाठी लागतात तेवढी माणसे त्यांच्या बाजूने कधी जमली नाहीत.

ह्या वेडाचे कारण मला त्यांनी एकदाच सांगितले, कळंब्याच्या तळ्याकडे चालत जाताना. तरुणपणी ते मुरगूडकडच्या एका खेड्यात शिकवत होते. "हजेरी घेत हुतो. एका पोराचं नाव घेतलं. ते 'हजर' म्हणालं, आणि मागची भिंत आली." मग म्हणाले, "हजेरीपटात ते पोरगं अजून हजर हाय. मी खोडलं न्हाई."

पोरांसाठी त्यांनी दूधही आणवले. सरकारी भुकटीचे दूध, रोज एक पेला. दूधवाटपाचा शुभारंभ ठरला. आपल्याकडे शुभारंभ म्हणजे काय, हे तुम्ही जाणताच. पोरे सकाळी सातपासून पेले घेऊन रांगेत. व्यासपीठावर हार, तीन पाहुणे, तीन भाषणे. तिसरे संपेपर्यंत पातेल्यातले दूध नासले. फोटो मात्र पाण्याचे पेले धरून झकास आले. गुरुजी मला म्हणाले, "बघितलंस? ह्यांच्या तोंडची वाफ लागून नासलं."

मी त्यांचा विद्यार्थी. बोरूने अक्षर घोटून घेतले ते त्यांनीच, इतके की माझा ल आणि त्यांचा ल कुणाला ओळखता येऊ नये. मोठा झाल्यावर मी पेठेतल्याच एका शाळेत तात्पुरता शिक्षक म्हणून लागलो. ही शाळा भरायची नगरपालिकेच्या एका सभासदाच्या घरात, तळमजल्यावर. सभासदाला भाडे मिळे, शाळेला छप्पर. तिसरीच्या वर्गामागच्या भिंतीला छतापासून हातभर चीर गेली होती.

गुरुजींनी ती पाहिली त्या दिवशी खळीचा डबा उघडला. जुन्या उत्तरपत्रिकेची दोन बोटे रुंद पट्टी चिरेवर आडवी चिकटवली, तिच्यावर तारीख घातली आणि सही केली. अशा पट्ट्या त्यांनी पेठेत कितीतरी घरांत लावल्या होत्या. "भिंत जागची हालली की कागद फाटतोय," मला म्हणाले. "इंजिनिअर खोटं बोलंल, मालक बोलंल. कागद बोलत न्हाई. फाटला की सांग. मी मुंबईत असलो तर तार कर."

तीन आठवड्यांत कागद मधोमध फाटला.

हेडमास्तरांनी तो माझ्याआधी पाहिला. शिस्तीचा माणूस. त्यांनी पहिल्यांदा मागच्या बाकावरच्या दोन पोरांना छड्या मारल्या. मग मला बोलावले.

"आमदारांची सही असलेला कागद असा लोंबकळतोय. शोभतं का? उद्या शाळामंडळाचे अध्यक्ष येणार आहेत."

"फाटला की कळवायचं ठरलंय," मी म्हणालो.

"कळवू की! पण आधी नवा लावा. फाटका दाखवणार का त्यांना? तुमचं अक्षर तर त्यांच्याच वळणाचं."

"आणि सही, सर?"

"ती काय वेगळ्या हातानं करतात?"

माझी नोकरी कायम व्हायची होती आणि माझ्याबद्दलचा शेरा हेडमास्तर लिहिणार होते. मी जुनी तारीख घातली. सही केली. कळवतील तेच, असे मनाशी म्हटले. महिन्याने कागद पुन्हा फाटला. ह्या वेळी हेडमास्तरांना सांगावे लागले नाही. मीच खळ करून आणली. तार मी केली नाही.

गुरुजींनी मुंबईत खटपट करून शाळेची जागा खाली करण्याचा हुकूम जवळजवळ मिळवला होता. फक्त पाहणी व्हायची होती. इंजिनिअर आला, घरमालक सभासद आला, गुरुजी आले. चिरेवर पट्टी अखंड. तारीख तीच, सही तीच. इंजिनिअर म्हणाला, "भिंत केसभरही हललेली नाही."

गुरुजी पट्टीकडे बघत राहिले. तेव्हा ते भांडले असते तर माझे ओझे हलके झाले असते. पण ह्या माणसाचा कागदावर विश्वास होता. त्यांनी घरमालकापुढे हात जोडले.

"कागद शाबूत हाय. माझंच चुकलं, पावणं. हुकमाची मागणी मी मागं घेतो."

मालक मोठ्या मनाने म्हणाला, "असू दे गुरुजी. वयानं कान जात्यात माणसाचं." सगळे हसले. मी हसलो नाही, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल, फार नाही.

त्या पावसाळ्यात पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन शाळेच्या अंगणात होते. प्रमुख पाहुणा तोच घरमालक. झेंडावंदन होताच पोरांना वर्गात बसवून खाऊ वाटायचा बेत होता. पण मालकाचे भाषण आवरेना. स्वातंत्र्य झाले, शिस्त झाली, आपल्या वडिलांचे दातृत्व चालू होते, तेवढ्यात आतून पोती ओतल्यासारखा आवाज आला. तिसरीच्या वर्गातून धूळ बाहेर आली. भिंत बाकांवर आडवी झाली होती. पोरे सगळी अंगणात, भाषणाखाली सुरक्षित.

त्या माणसाच्या आयुष्यातले ते एकमेव उपयोगी भाषण. पेठेने त्याचे उपकार मानले. "मालकांच्या तोंडात देव बसला हुता," असे बायाबापड्या म्हणू लागल्या. मेले कोणी नव्हते, म्हणून चौकशीही झाली नाही. उलट लोक गुरुजींनाच विचारू लागले, "आमदार असून तुमच्या पेठंत भिंत पडती कशी?"

गुरुजी दुपारी आले. चपला काढून ढिगाऱ्यावर चढले आणि मातीची ढेकळे उलटीपालटी करू लागले. एका ढेकळाला पट्टीचा तुकडा चिकटून होता. तो त्यांनी धोतराने पुसला, उजेडात धरला. त्याखाली आधीच्या पट्टीचा फाटका काठ दिसत होता, आणि त्याखाली आणखी एक. मला हाक मारली.

"हे अक्षर कुणाचं?"

मी तुकडा हातात घेतला.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "मीच शिकवलंय."

एवढेच. शिवी दिली असती तर बरे झाले असते.

पुढच्या निवडणुकीत गुरुजी पडले. शाळेला नवी इमारत मिळाली, तिला मालकाच्या वडिलांचे नाव मिळाले. मी कायम झालो. काही वर्षांनी गुरुजी गेले तेव्हा शोकसभा त्याच इमारतीत झाली आणि ठराव माझ्याकडून लिहून घेतला, अक्षर चांगले म्हणून. त्यात 'बालकांचे कैवारी' असे शब्द होते. अध्यक्षस्थानी मालक होता, आणि बोललाही बराच वेळ.

पण मला आठवतो तो त्याआधीचा एक दिवस. राजारामपुरीत मी दोन खोल्या घेतल्या होत्या. गुरुजी एकदा वाटेत भेटले, मी आग्रहाने घरी नेले. ते आत आले आणि सरळ खुर्चीवर बसले. भिंतीकडे बघितलेही नाही. बायकोने चहा आणला, तो त्यांनी गरम गरम घेतला. माझी धाकटी मुलगी त्या भिंतीलाच टेकून खेळत होती.

न राहवून मी म्हणालो, "गुरुजी, भिंत?"

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला.

"तू सांगशील तशी," ते म्हणाले, आणि चपला शोधू लागले.