लाभाचा खरा धनी

कानडी मुलखातल्या चामराजपेटेत हणमंतरावांच्या घरात सही करणारा हात एकच होता. भांड्यांच्या दुकानाचे विक्रीकराचे विवरणपत्र असो, मुलांची प्रगतिपुस्तके असोत, नाहीतर धाकट्या भावजयीच्या विम्याचा अर्ज असो, कागद हणमंतरावांसमोर, म्हणजे घरच्यांच्या अण्णांसमोर यायचा, अण्णा चष्मा पुसायचे आणि ठरलेल्या जागी सही करायचे. यात कोणाला जुलूम वाटत नसे. आयकर खात्यानेही त्यांना अविभक्त कुटुंबाचा कर्ता म्हणून मान्य केले होते. मग घरच्यांनी वेगळे काय मानायचे? ‘येणारं घराचं, जाणारं घराचं’ असे ते म्हणत आणि त्याप्रमाणे वागत. स्वतःसाठी त्यांनी कधी वेगळी पै ठेवली नाही. पुढे त्यांच्या वाट्याला आलेली लाज समजून घ्यायची, तर आधी त्यांचा हा प्रामाणिकपणा समजून घ्यावा लागतो. लबाड माणसाला ती लाज वाटलीच नसती.

धाकटा भाऊ वासुदेव दिवसभर दुकानात असे. त्याची बायको श्यामला दुपारचा स्वयंपाक आटोपला की पलीकडच्या गल्लीतल्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन बसे. टायपिंग तिला लग्नाआधीपासून येत होते; कॉम्प्युटर ती तिथेच शिकली. शतकाची शेवटची दोन वर्षे उरली होती आणि शहरात ज्याच्या-त्याच्या तोंडी कॉम्प्युटर होता, म्हणून तिच्या जाण्याला कोणी हरकत घेतली नाही. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळ्या तिने इंटरनेटच्या एका पानावर मांडल्या. आश्चर्य असे की त्या पाहायला लागल्या अमेरिकेतल्या बायका. आपल्याकडच्या गोधडीसारख्या नक्षीच्या रजया शिवण्याचा त्यांना नाद असतो आणि श्यामलाच्या न तुटणाऱ्या रेषा त्यांना टाक्यांसाठी फार सोयीच्या वाटल्या. तिकडच्या एका कापड-दोऱ्याच्या कंपनीने मग तिला कळवले, की तुमच्या पानावरून आमच्याकडे येऊन कोणी खरेदी केली तर तुम्हाला हिस्सा देऊ.

हणमंतरावांना हा व्यवहार समजावून सांगावा लागला नाही. “दलालीच की ही!” ते खूश होऊन म्हणाले. “गिऱ्हाईक दाखवायचं, वाटा घ्यायचा. चिकपेटेत आपले आजोबा दुसरं काय करत होते?”

पहिल्या पैशाआधी कंपनीकडून एक फॉर्म आला. श्यामलाने तो शब्दकोश घेऊन वाचला आणि अण्णांसमोर ठेवला.

“अमेरिकेच्या करखात्याचा आहे, अण्णा. आपण तिकडचे नागरिक नाही असं लिहून द्यायचं. दिलं नाही तर जवळजवळ तिसरा हिस्सा ते तिकडंच कापून ठेवतात. आणि इथं, या लाभाचा खरा धनी कोण, त्याचं नाव.”

“धनी म्हणजे कर्ता. आण पेन.”

तिने कागद लगेच सोडला नाही. “खाली लिहिलंय, मजकूर खोटा असेल तर शिक्षा आहे म्हणून.”

“खोटं काय त्यात? तू या घरची नाहीस?”

“सरी, बरं अण्णा,” ती म्हणाली आणि बोट ठेवून तिने सहीची जागा दाखवली.

महिन्याभराने कंपनीचे पत्र आले. भाषा सभ्य होती, पण मुद्दा सरळ होता. पान एका व्यक्तीच्या नावावर नोंदलेले आहे आणि प्रमाणपत्र दुसऱ्याच व्यक्तीने दिले आहे. यांपैकी मिळकत खरोखर कोणाची? ज्यांची असेल त्यांनी नवे प्रमाणपत्र द्यावे. किंवा सही करणारे गृहस्थच धनी असतील, तर तसा खुलासा करून नोंद त्यांच्या नावावर करून घ्यावी. तोपर्यंत रक्कम थांबवली आहे.

हणमंतरावांना राग आला. पैसे अडल्याचा तो नव्हता. त्यांच्या सहीवर आजवर कोणी प्रश्न विचारला नव्हता.

“नाव बदलून टाक,” ते श्यामलाला म्हणाले. “आणि खुलासा टाइप कर. काम माझं, तू मला मदत करतेस.”

“तिचंच नाव राहिलं तर काय बिघडतं?” कृष्णवेणीबाईंनी, त्यांच्या पत्नीने, आतून विचारले.

“बँकेत खातं कोणाचं आहे? व्यवहारातलं तुला कळत नाही, उगी ऱ्हा.”

श्यामलाने खुलासा टाइप केला. रांगोळ्या हणमंतराव यांच्या असून मी त्यांना टायपिंगच्या कामात साहाय्य करते, असे त्यात होते. पानावर तिच्या नावाच्या जागी त्यांचे नाव आणि घरचा पत्ता आला. लिफाफा सोमवारी टपालात पडायचा होता.

रविवारी सकाळी दारात एक तरुण मुलगी उभी राहिली. तिचे नाव सुचेता. पुण्याची, इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. तिच्या अमेरिकन साहेबाच्या बायकोने त्या नक्ष्यांवरून रजई शिवली होती आणि चित्रकाराला भेटून ये म्हणून तिला बजावले होते. पत्ता तिने पानावरूनच काढला होता.

“काका, तुम्हीच का ते? मला वाटलं कोणी आजी असतील! इट्स सो अनयूज्वल, पुरुषाने रांगोळी काढणं.”

“कलेला बाई-पुरुष असं काही नसतं,” हणमंतराव म्हणाले. वाक्य चांगले जमले असे त्यांना वाटले. कॉफी आली. सुचेताने रजईचा फोटो समोर धरला.

“हे बघा. रेष ठिपक्यांना वळसे घालत जाते आणि एकदाही तुटत नाही. त्यांना पुढची शिवायचीय, पण सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये. तुम्ही कुठून करता?”

हणमंतरावांनी फोटोकडे पाहिले. हीच नक्षी रोज सकाळी दुकानात निघताना ते ओलांडून जात. पाय पडू नये एवढ्यापुरतेच त्यांनी तिच्याकडे आजवर पाहिले होते.

“मधून,” ते म्हणाले.

सुचेताने पर्समधून पेन काढले, वर्तमानपत्राच्या कडेला ठिपके मांडले आणि मधून रेष सुरू केली. चार वळणांत ती स्वतःलाच येऊन भिडली. “काका, अडकतंय इथं. पुढे?”

पुढे काय ते हणमंतरावांना माहीत नव्हते. त्यांनी चष्मा काढला. कृष्णवेणीबाई कपबश्या गोळा करू लागल्या. त्यातली एक बशी अजून भरलेली होती; तिच्यातली कॉफी टीपॉयवर सांडली.

तेवढ्यात श्यामला स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली. “अण्णा मधून म्हणतात ते ठिपके मोजायचं,” ती म्हणाली. “रेष डाव्या कोपऱ्यातून काढायची.” सांडलेल्या कॉफीत बोट बुडवून तिने टीपॉयच्या काचेवर ती काढली, कुठेही न थांबता. “मला अण्णांनी असंच शिकवलंय.”

“वॉव! म्हणजे तुम्ही त्यांच्या असिस्टंट?”

“हो. टायपिंगचं बघते.”

“लकी आहात हं काका,” सुचेता हसून म्हणाली. तिने त्यांचा एकट्याचा फोटो काढला आणि ती गेली.

श्यामलाने त्या वेळी त्यांना उघडे पाडले असते तर हणमंतराव रागावू शकले असते, आणि राग हा त्यांच्या सवयीचा होता. तिने तसे केले नाही. कागदावर टाइप केलेले खोटे तिने आपल्या तोंडाने, परक्या मुलीसमोर, खरे करून दाखवले. आणि तेही थोरल्या दिराची लाज राखावी म्हणून. या घरात सगळ्यांचा जामीन आपण, अशी त्यांची समजूत होती. आज त्यांच्यासाठी जामीन राहावे लागले होते ते, जिच्या नावावर त्यांनी स्वतःचे नाव चढवले होते, तिला. हे मनात आले आणि त्यांच्या कानशिलांना चटका बसल्यासारखे झाले. टीपॉयवरची रेष वाळून तपकिरी झाली होती. ती पुसायलाही त्यांचा हात होईना.

दुपारी पान वाढून झाले तरी ते भाताशी नुसता चाळा करत बसले.

“गळ्याखाली उतरत नाही का?” कृष्णवेणीबाई म्हणाल्या. “उद्यापासून उंबऱ्यापुढं रांगोळी तुम्हीच घाला. गुरुजी आहात म्हणे.”

एरवी त्यांनी ताट सरकवले असते. आज मान वर केली नाही.

सोमवारी त्यांनी श्यामलाला हाक मारली. तिच्या तोंडाकडे पाहणे टाळून ते भिंतीवरच्या कॅलेंडराशी बोलल्यासारखे बोलले. “तो खुलासा पाठवू नकोस. तुझं नाव परत घाल. नवा फॉर्म मागव, सही तू कर.”

“मग चेक माझ्या नावानं येईल, अण्णा.”

“येऊ दे.”

“भरू कुठं? मला खातं नाही.”

हे त्यांना ठाऊक असायला हवे होते. खाते नको हे ठरवणारे तेच होते. घरात एक खाते पुरे, असे ते वासुदेवच्या लग्नात म्हणाले होते आणि ते सगळ्यांना शहाणपणाचे वाटले होते.

तासाभराने दोघे बँकेत गेले. काउंटरवरचा किरणकुमार त्यांच्या ओळखीचा. अर्ज भरता भरता त्याने सवयीने हणमंतरावांनाच विचारले, “व्यवसाय काय लिहू अण्णा, हाउसवाइफ?”

हणमंतरावांनी श्यामलाकडे हात केला. “त्यांनाच विचारा,” ते म्हणाले. भावजयीला त्यांनी असे अहो-जाहो कधी केले नव्हते. शब्द तोंडातून अवघडून बाहेर पडला. श्यामलाने चमकून त्यांच्याकडे पाहिले, मग थोडा विचार केला आणि सांगितले, “नक्षीकाम.”

“सरी. आता यांना ओळखणाऱ्या जुन्या खातेदाराची सही पाहिजे. तुम्हीच आहात की. स्वल्प, जरा इथं सही करा.”

हणमंतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा सहीआधी वरचा मजकूर वाचला. अर्जदारास मी व्यक्तिशः चांगले ओळखतो, असे त्यात छापलेले होते. पुढे किती वर्षे ते लिहायला मोकळी जागा होती. रांगेतला मागचा माणूस खाकरला. पेन कागदावर टेकलेले तसेच राहिले आणि शाईचा ठिपका पसरू लागला.

“श्यामला,” त्यांनी हलक्या आवाजात विचारले, “हे मी लिहू का?”

तिने वाकून ती ओळ वाचली.

“लिहा, अण्णा,” ती म्हणाली. “इथं खातं असलेलं माझ्या ओळखीचं दुसरं कोण आहे?”