‘विहीर रिकामी’ला उत्तर आले नाही

पोफळीच्या वीजगृहात उभी हयात वीज जोडणारे-तोडणारे रिले तपासण्यात घालवलेला मी माणूस. तार जोडलेली असते किंवा नसते. तिसरी अवस्था आम्ही मानीत नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरीही लिहितो आहे, कारण नाचणे परिसरात या प्रकरणाच्या ज्या आवृत्त्या फिरत आहेत, त्या सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या दुपारी तिथे हजर नव्हता. मी होतो.

वसंता माझा पोफळीपासूनचा सहकारी. निवृत्तीनंतर रत्नागिरीत आम्ही दोघांनी चिप-डिझाइनच्या ऑनलाइन वर्गात नाव घातले. लोक हसले. हसोत. सर्किटचे वर्णन मजकुरासारखे लिहायचे, सिम्युलेशनमध्ये चालवून पाहायचे, मग सॉफ्टवेअर त्याचा लेआउट मांडते... हे सारे आम्ही वसंताच्या नाचण्यातल्या घरी, त्याच्या संगणकावर शिकलो. शेवटी प्रत्येकाचे एक छोटे सर्किट खऱ्या सिलिकॉनवर उतरणार होते. वसंताने बागेतला पंप निवडला — विहीर आटली की पंप आपोआप बंद.

काम निम्म्यावर असताना त्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरलेले सर्किट मी पूर्ण केले, चाचण्याही मीच लिहिल्या. चिप त्याच्या नावावर जाणार होती, आणि ती एकदा तयार झाली की खोडरबर चालत नाही.

“ह्यांच्या हातचं शेवटचं काम आहे, भाऊजी,” मंगलावहिनी म्हणाल्या होत्या, “चाललं पाहिजे हो.”

काम पाठवण्याच्या दिवशी सगळ्या चाचण्या पास होत्या, पडद्यावर हिरव्या खुणा होत्या. वर्गाच्या मॅडमनी फोनवर सांगितले, “काका, पाठवून मोकळे व्हा.” पण आमच्या पोफळीला यंत्र सुरू करण्यापूर्वी एक जण तारेचे नाव मोठ्याने वाचीत असे, दुसरा तिच्यावर बोट ठेवून ‘आहे’ म्हणत असे. तो ‘आहे’ आल्याशिवाय पुढचे नाव घ्यायचे नाही. संगणकावरही आम्ही तेच करीत आलो होतो. हिरव्या खुणा पोरांना पुरतात.

मी आलो तेव्हा वसंता पडवीत खुर्चीवर होता. मी माजघरात, पडवीकडे पाठ करून बसलो आणि सर्किटमधल्या तारांची नावे मोठ्याने वाचू लागलो. “क्लॉक.” सवयीने थांबलो. 

पडवीतून आवाज आला — “आहे.”

वसंताचाच. तंबाखूने खरवडलेला, किंचित वैतागलेला. मी उठलो नाही. उठलो तर ते तुटेल असे वाटले. भीती मुळीच वाटली नाही. आनंद झाला.

“रिसेट.” “आहे.” “टाकी भरली.” “आहे.” “पंप चालू.” “आहे.” “विहीर रिकामी.”

काही नाही.

“विहीर रिकामी... वसंता, डुलकी लागली काय रे?”

काही नाही. पुढचे नाव वाचले, लगेच “आहे”. मागच्या नावावर परत आलो... पुन्हा शांतता. तेव्हा मी विहिरीतल्या फ्लोट-स्विचचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या बटणाचा, तपशील उघडला. विहीर आटली की तो शून्य देतो. सर्किटमध्ये शून्याच्या जागी एक हा आकडा धरलेला होता. चाचण्याही त्याच समजुतीवर लिहिलेल्या, म्हणून पास. कोरड्या विहिरीत पंप चालत राहून जळाला असता. चूक कोणाची, हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

त्याला सांगायला पडवीत धावलो. खुर्ची रिकामी. मागीलदारून वहिनी कोकमाने लाल झालेल्या हातांनी आल्या. “बोलले ना हो? मी तिथवर ऐकलं!” मग त्यांनीही खुर्ची पाहिली. “अगो बाई... गेले कुठे?”

काही वेळाने रिक्षा आली. त्यांचा मुलगा हेमंत वसंताला उतरवीत म्हणाला, “डॉक्टरांनी लवकर बोलावलं, काका. तुम्ही कॉम्प्युटर लावत होतात तेव्हाच निघालो. हाक मारली मी, तुमचं लक्ष कुठे!”

वसंता मुकाच होता.

मी त्याच बैठकीत दुरुस्ती केली, चाचण्या नव्याने लिहिल्या आणि काम पाठवले.

शेजारी म्हणतात, घराची राखण करणारे भूत, राखणदार बोलला. राखणदाराला फ्लोट-स्विच कधीपासून कळू लागला? मॅडम म्हणतात, उत्तरे मीच मनात दिली. मग वहिनींनी मागीलदारी कोणाचे मन ऐकले? आणि जी तार मी बिनचूक समजत होतो, तिच्यावरच मी गप्प का बसावे? वाचा क्षणभर परतली म्हणावे, तर तेव्हा तो मारुती मंदिराजवळ डॉक्टरांपुढे बसला होता. खुलासा माझ्यापाशी नाही. तुमच्यापाशी तर नाहीच.

काही महिन्यांनी चिप आली. वहिनींनी बादलीत फ्लोट सोडला आणि पाणी उपसले; पंपाऐवजी जोडलेला दिवा वेळेवर विझला. मी वसंताला सरळ विचारले, “त्या दिवशी तू होतास काय रे?”

त्याने मान हलवली.

“हो म्हणाले!” वहिनी म्हणाल्या.

“आडवी हलवली, वहिनी.”

“उभी! चष्मा पुसा आधी.”

आम्ही भांडत राहिलो, आणि वसंता ओठाच्या एकाच कोपऱ्यातून हसत राहिला.