ओनेल्लाची कड

हे लिहावं की नाही, याचा दोनतीनदा विचार केला. शेवटी लिहिते आहे, कारण ते माझ्या मनात अजून नीट बसलेलं नाही.

सिडनीत टूनगॅबीला आमच्या घराला लागून एका माल्टीज आजींचं घर आहे. लहान असताना त्या माल्टाहून आईबरोबर बोटीने इथे आल्या. मी युनिला, म्हणजे विद्यापीठात, वेशभूषेचा इतिहास शिकते. आमच्या घरातून युनिला गेलेली मी पहिलीच. बाबा वेल्डर, आई एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत. त्यामुळे प्रत्येक असाइनमेंटच्या वेळी मला वाटतं, हिला यातलं काही कळत नाही हे आज कुणाच्या तरी लक्षात येणार.

या सेमिस्टरला एखादं पारंपरिक वस्त्र तपासून त्यावर निबंध लिहायचा होता. मी वहीत एक वाक्य अधोरेखित करून ठेवलं होतं: युरोपातली फॅशन सतत बदलते, कंबर वर जाते, खाली येते, घागरे फुगतात, मग एकदम सडसडीत होतात, पारंपरिक वेश मात्र आहे तसाच राहतो. ते दाखवायला मला एक वस्त्र हवं होतं. आजींनी त्यांच्या आईची ओनेल्ला दिली.

माल्टातल्या बायका घराबाहेर पडताना ओनेल्ला घ्यायच्या. काळं, घेरदार कापड, घागराच डोक्यावरून घेतल्यासारखं. वरच्या कडेत काहीतरी ताठ घातलेलं असतं, त्यामुळे चेहऱ्याभोवती कमान उभी राहते. ती पिनेने अडकवायची नाही. हाताने कड धरून चालायचं.

"रविवारी चर्चच्या उत्सवाला मी घालणार आहे," आजी म्हणाल्या. "आई गेली त्या वयाची झाले मी आता. शनिवारी आणून दे, लव्ह."

मी मापं घेतली, फोटो काढले, एकदा अंगावर घेऊन आरशात पाहिलं. उजव्या कडेवर एक जागा चकाकत होती, कडक आणि थोडी तेलकट. मी टिपणात लिहिलं: "हाताच्या मळाचा डाग. कमानीच्या मध्यापासून पंचेचाळीस सेंटिमीटर, चार बोटं रुंद. दोष किरकोळ." कमानीबद्दल लिहिलं: "आत व्हेलचं हाड." उघडून पाहिलं नव्हतं. युरोपातल्या कॉर्सेटमध्ये ते असायचं, म्हणून इथेही असेल असं धरलं.

गुरुवारी आईने ती माझ्या खुर्चीवर पाहिली.

"अंगाला लावलीस ना? मग तशीच परत देणार? त्या म्हणतील, पोरीला काही वळण नाही."

आमच्याकडे दुसऱ्याचं कापड वापरलं तर धुऊन, घडी घालून देतात. मलाही ते बरोबरच वाटलं. बाथटबमध्ये कोमट पाणी घेतलं. डाग मी स्वतः घासला, जुन्या टूथब्रशने, पूर्ण जाईपर्यंत. आई बुद्धवंदनेला नेसायच्या पांढऱ्या साडीला करते तशी खळीसाठी तांदळाची पेजही तिने गॅसवर ठेवली होती.

मग मी कापड उचललं, तर कमान पाण्यात लोंबत होती. शिवणीतून तपकिरी लगदा बाहेर येत होता.

"हाड म्हणाली होतीस ना?" आई टबात वाकून म्हणाली. "माशाचं हाड असं विरघळतं होय गं?"

तो पुठ्ठा होता. एका तुकड्यावर छापील इंग्रजी अक्षरं होती: बिस्किटं, आणि खाली सिडनी. म्हणजे कुणीतरी इथे आल्यावर तो बदलला होता. माझ्या निबंधाचं पहिलं वाक्य होतं, "हे वस्त्र पिढ्यान्‌पिढ्या बदललेलं नाही."

शुक्रवारी मी लेक्चरला गेले आणि अर्ध्यातून उठून आले. येताना पुठ्ठा विकत घेतला, कमानीत घालून शिवला, उसवला, पुन्हा शिवला. आईने इस्त्री केली. "आधीपेक्षा छान झालीय. काही सांगायला जाऊ नकोस," ती म्हणाली. मी आजींच्या फाटकावरून तीनदा गेले. तिसऱ्यांदा त्या झाडांना पाणी घालत होत्या.

"ऑल गुड, लव्ह?"

"हो, नो वरीज," मी म्हणाले, आणि घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओनेल्ला ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. बिस्किटांच्या खोक्याचा वाळलेला तुकडाही पुढे केला. त्या हसल्या.

"अगं, आई सारखीच बदलायची तो! पावसात भिजली की पुठ्ठा मेला. एकदा माझ्या बुटांचा खोका कापला होता तिने, मी रडले होते."

मला इतकं हलकं वाटलं की मीही हसले. बोलताबोलता आजींचा हात उजव्या कडेवरून खाली गेला. पुन्हा वर आला. पुन्हा खाली. मग थांबला.

"इथे तिचा हात होता," त्या म्हणाल्या. "कुठे गेला?"

"मी घासला. मला वाटलं, मळ आहे."

"मळच होता." त्यांनी कड हातात घेतली. "तिचा होता."

मी सॉरी म्हणाले, आणखी एकदा म्हणाले. ते पुरत नव्हतं, आणि तिथे बसवतही नव्हतं. मग फोनमधलं टिपण आठवलं. मी त्यांच्याकडे मेजरिंग टेप मागितली, शिवणाच्या डब्यातला खडू घेतला. पंचेचाळीस सेंटिमीटर, चार बोटं. दोनदा मोजलं. खूण करून फोटोशी ताडून पाहिली.

"इथे होता."

त्यांनी ओनेल्ला डोक्यावरून घेतली आणि खुणेवर बोटं ठेवली. "मी तर खूप वर धरलं असतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "आता जा." ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

रविवारी मी चर्चबाहेर फुटपाथवर उभी होते. मिरवणुकीत आजी बँडच्या मागे चालत होत्या. वारा जोराचा होता आणि कापड सारखं फुगत होतं. मी त्यांच्या हाताकडेच पाहत होते. तो खुणेवरून हलला नाही.

मिरवणूक संपल्यावर मी जवळ गेले. काळ्या कापडावर खडू पांढराफटक दिसत होता.

"आजी, पुसून देऊ का?"

"हात लावू नकोस," त्या म्हणाल्या, आणि कड तशीच धरून चर्चच्या पायऱ्या चढून आत गेल्या.