वहिनी माझ्या वर्गात होती

ऑफिसात दादाचा फोन आला. "वहिनी गेली," एवढंच म्हणाला. आणि मी विचारलं, "कुठे गेली?" खरंच विचारलं. माहेरी गेली असेल, शाळेची सहल असेल... परवाच माझ्या ताटातलं शेवटचं भजं पळवणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या बाईबद्दल 'गेली' या शब्दाचा दुसरा अर्थ डोक्यात येतच नाही. पलीकडे दादा रडायला लागला तेव्हा कळलं. सकाळी वेणी घालताना खाली बसली, ती उठलीच नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टर म्हणाले. महिना होत आला, हे वाक्य अजून माझ्या आत शिरत नाही.

सुनंदावहिनी कोकणातून आमच्या वाशीच्या फ्लॅटमध्ये लग्न होऊन आली ते ऐंशी साल. मी नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. ती माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. दहावीनंतर गावात कॉलेज नाही म्हणून घरी बसलेली. मला अकरावी सायन्सची धास्ती होती. आतापर्यंत सगळं मराठीत, आणि आता फिजिक्स इंग्रजीतून! शेजारच्यांचं जुनं पुस्तक आणून मी मे महिनाभर बाल्कनीत घोकत बसायची. वहिनी तांदूळ निवडता निवडता डोकवायची. "व्हेलॉसिटी म्हणजे आपला वेगच ना गं?" थोड्याच दिवसांत पुस्तक तिच्या मांडीवर आणि तांदळाचं ताट माझ्या, असं झालं.

तिच्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती. परीक्षेत तिने लोहचुंबकाची आकृती सुरेख काढली होती, पण चुंबक कधी हातात धरला नव्हता. एकदा जेवताना ती हळूच म्हणाली, "मीपण अकरावीला बसू का?" दादाने आमटी वाढून घेतली. आई म्हणाली, "मंगळसूत्र घालून बाकावर बसणार? तेही नणंदेच्या शेजारी?" विषय संपला.

दोन दिवसांनी वहिनीने दाराचं कुलूप सुतळीला बांधून कपडे वाळत घालायच्या काठीला लटकवलं. पुस्तकातला लंबक.

"अगं, ते दाराला लावतात," आई म्हणाली.

"आई, जरा मोजता का? झोका मोठा दिला काय, छोटा दिला काय, वेळ तेवढाच लागतो."

आई कुरकुरत मोजायला बसली. एकदा, दोनदा... मग स्वतःच उठून झोका दिला. "असं का गं होतं?"

"मला नाही माहीत, आई. तेच विचारायला जायचंय."

आईने झुलणारं कुलूप हाताने थांबवलं. "जा मग," म्हणाली, "पण आल्यावर मलाही सांगायचं."

पहिल्याच दिवशी फिजिक्सचे सर वहिनीकडे बघून म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबावं." वहिनी उभी राहिली. "सर, मी विद्यार्थिनी आहे." वर्ग हसला. नंतर सगळा वर्गच तिला वहिनी म्हणायला लागला, आणि परीक्षा जवळ आली की तिच्याभोवती गोळा व्हायला लागला. मी पुढे कॉमर्सला पळाले. ती बीएस्सी झाली, बीएड झाली, खाडीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली. संध्याकाळी ओट्याशी उभ्या उभ्या ती आईला काहीतरी समजावत असायची, आणि आई "पुन्हा सांग" म्हणायची. आता आई स्वयंपाकघरात कुणाशीच बोलत नाही.

गेल्या आठवड्यात दादा आणि मी तिचं सामान आणायला शाळेत गेलो. चष्म्याची डबी, छत्री, एक शाल. प्रयोगशाळेच्या खिडकीत काचेचा ग्लास होता. पोरांनी मिठागरातून आणलेलं मीठ पाण्यात विरघळवून तिने त्यात दोरा सोडला होता. वर तिच्या अक्षरात चिठ्ठी: हलवू नये.

"बाईंनी आदल्या दिवशी ठेवला," शिपाई मावशी म्हणाली. "आमी कुनी हात नाय लावला. तवा नुसताच दोरा होता."

दोऱ्याला मिठाचे लखलखीत चौकोनी खडे धरले होते. दादाने ग्लास उचलायला हात पुढे केला... आणि मागे घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "अजून वाढतंय."