अडीच मिलिमीटरचा फरक

सिडनीच्या दुसऱ्या लॉकडाउनमध्ये मी कॅसल हिलच्या घरात बसून पुण्यातल्या बाबांची नाणी मोजत होतो. म्हणजे मोजत होते बाबा, मी इकडून ओरडत होतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

बाबा एकटे राहायचे. मला देशाबाहेर पडायचं तर सरकारची परवानगी हवी, आणि ती मिळाली तरी परत येता येईल याची खात्री नाही. उरला होता रविवारचा व्हिडिओ कॉल. दहा मिनिटांत 'जेवलात का, मास्क लावता ना' संपायचं आणि मग बाबा नाण्यांचा डबा उघडायचे. इंग्रजांच्या कंपनीने मुंबईत हाताने ठोकून पाडलेले तांब्याचे पैसे, सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचे. एका बाजूला कंपनीचा शिक्का, दुसऱ्या बाजूला तराजू. हे जुन्या बाजारात कसं सापडलं, त्या दिवशी आई किती वैतागली होती, असं प्रत्येकाचं काहीतरी असायचं. आमच्यात खरं बोलणं उरलं होतं ते तेवढंच, आणि मी ते अर्धं लक्ष देऊन ऐकायचो.

त्यात मला यादी करायची अवदसा आठवली. मी यंत्रांचे सुटे भाग डिझाइन करतो. घरात कोंडून चिडचिडा झालो होतो, निदान एक गोष्ट तरी माझ्या ताब्यात हवी होती. एक्सेल शीट केली, माप घ्यायचा डिजिटल कॅलिपर ऑनलाइन मागवून बाबांच्या दारात पोचवला आणि प्रत्येक नाण्याचा व्यास मागायला लागलो.

बाबा एकाच नाण्याचे तीन आकडे सांगायचे.

"बाबा, साधं माप घेता येत नाही तुम्हाला?"

"अरे, हे गोलच नाहीये. कुठून कुठे मोजू?"

"सगळ्यात रुंद आहे तिथून. मागच्या रविवारीही सांगितलं होतं मी."

त्या दिवशी एकाच वर्षाचे, एकाच किमतीचे दोन पैसे निघाले आणि त्यांच्यात अडीच मिलिमीटरचा फरक. आमच्याकडे एवढ्या फरकाचा माल सरळ भंगारात जातो. माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "यातलं एक तरी खोटं आहे. इतकी वर्षं लोक तुम्हाला टोप्या घालत होते आणि तुम्ही डबा भरत बसलात."

बाबांनी दोन्ही पैसे डब्यात ठेवून झाकण लावलं. मागून माझी मुलगी म्हणाली, "डॅड, व्हाय आर यू शाउटिंग ॲट आजोबा?" मी तिच्यावरही खेकसलो.

मग आठवडाभर वाचत बसलो, बाबांना चूक ठरवायलाच. निघालं उलटंच. तांब्याचा तुकडा फक्त वजनाला जुळवायचा आणि त्यावर घाव घालायचा, अशी ती पद्धत. घाव जोरात बसला की नाणं पसरून पातळ व्हायचं, हलका बसला की लहान आणि जाड राहायचं. दोन्ही खरी असायला काहीच हरकत नव्हती. बाबांना हे माहीत असणारच. मी बोलू दिलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

रविवारची वाट न बघता फोन लावला. "बाबा, चुकलं माझं. दोन्ही खरी आहेत. ती यादी सोडा आता. ते जुन्या बाजारातलं सांगा ना."

"छे रे, तुझंच बरोबर आहे. पद्धतशीर काम पाहिजे." बाबांनी चष्मा सावरून वही उघडली. "आठवडाभर बसून सगळी पुन्हा मोजली. लिहून घे. पहिलं, चोवीस पूर्णांक तीन."

"बाबा, राहू द्या हो."

"मधे बोलू नकोस, ओळ चुकते माझी. दुसरं, एकवीस पूर्णांक आठ."

डबा बाहेर काढलेलाच नव्हता. समोर फक्त वही होती. तासभर बाबा आकडे वाचत राहिले. शाळेत असताना पाढे म्हणताना मी त्यांच्याकडे बघायचो, तसे दर आकड्यानंतर थांबून माझ्याकडे बघत विचारत होते, "बरोबर आहे ना?"