मामाजींनी बोट चाटलं

गेल्या रविवारी माझ्या माहेरी जे झालं, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही... म्हणून लिहून काढतेय.

माहेर पोंभुर्ण्याजवळच्या एका खेड्यात. तिथल्या विहाराच्या आवारात बायकांनी धिरड्यांचा कार्यक्रम ठेवला होता. गावातल्या मुलींसाठी अभ्यासिका उभी राहतेय, भिंती झाल्या पण छप्पर अडलंय... गरम धिरडं खायचं आणि जमेल तेवढं दानपेटीत टाकायचं.

आम्ही चंद्रपूरहून गाडीने गेलो. मी, माझा नवरा निलेश, चार वर्षांची आर्वी आणि माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी. ते आले ते फक्त नातीच्या हट्टापायी.

आता खरं सांगते. आमचं लग्न जातीबाहेरचं. मी बौद्ध घरातली, सासर हिंदू, धानाची शेती असलेलं. मामाजी माझ्याशी चांगले वागतात, घरी माझ्या हातचं जेवतात... पण माझ्या माहेरी सहा वर्षांत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

त्यांचं पोट नेमकं तिथे पोचल्यावरच बिघडतं! दर वेळी आई चार पदार्थ करायची, दर वेळी मी तिला सांगायची की मामाजींना पथ्य आहे. ती मुकाट्याने ताट झाकून ठेवायची.

त्या दिवशीही मामाजी गाडीतच बसले. दार उघडं, तोंड दुसरीकडे.

इकडे चुलीपाशी भलताच घोळ झालेला. चांगल्या कामाला चांगलंच द्यावं म्हणून घरोघरच्या बायकांनी यंदाचा नवा तांदूळ दिला होता. जुना द्यायला कमीपणा वाटतो ना! पण नव्या तांदळाचं पीठ पडलं चिकट. धिरडं तव्याला धरून बसायचं, उलथन्याने काढायला जावं तर लगदा... आई घामाघूम, लोक रांगेत, आणि आमची आर्वी मोठ्याने विचारतेय, "आजीला येत नाही का?"

जन्म धानात गेलेला माणूस, किती वेळ बघत बसणार? मामाजी गाडीतून उतरले, तरातरा आले, पिठाच्या पातेल्यात बोट बुडवलं आणि सरळ चाटलं.

"नवं हाये ना हे! चिपकन नाई त का होईन? जुन्या तांदळाचं पीठ आना, निम्मं निम्मं मिसळा."

निलेशच्या हातातली प्लेट खाली पडली. आपण काय केलं ते मामाजींनाही कळलं असावं, कारण ते बोट तसंच धरून आईकडे बघत राहिले.

आई उठली. घरी जाऊन जुन्या तांदळाचं पीठ घेऊन आली, कालवलं... पहिलं धिरडं अख्खं निघालं. तिने ते चटणीसोबत त्यांच्यापुढे धरलं. "घ्या भाऊ."

आता यांचं पोट दुखणार, मला पक्कं माहीत होतं... पण मामाजींनी प्लेट घेतली, बाकावर बसले आणि खाल्लं. वर म्हणाले, "आनखी एक द्या बाई. चटनी चांगली जमली."

आनंद झाला, हो. पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त राग आला. इतकं सोपं होतं? मग माझ्या आईने सहा वर्षं जी ताटं झाकून ठेवली, त्यांचं काय?

निघताना आईला गाठलं. म्हटलं, "आई, मी तुयाशी खोटं बोलत होती. मामाजीले कोनतंच पथ्य नव्हतं."

ती तवा घासत होती. वर न बघताच म्हणाली, "मले पहिल्या दिवसापासून मालूम हाये व. ते सांगतांनी तुयं तोंड पाहावत नव्हतं, म्हून मी हो म्हनत होती."

चंद्रपूर येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. इतकी वर्षं मी समजत होते, आईचं मन मी सांभाळतेय... केवढी मूर्ख होते मी.