प्रभारी जावई

लुतायाला मी त्याच्या पाठीवरून ओळखते. उंच बांधा, उजवा खांदा किंचित उतरलेला, मानेवर लहानपणी भाजल्याचा नाण्याएवढा डाग. त्याचा चेहरा मी नीट पाहिला आहे तो फोटोतच. आमच्यात सासू आणि जावई समोरासमोर येत नाहीत. हात मिळवत नाहीत, एका गाडीत बसत नाहीत, एका चटईवर तर नाहीच नाही. ही रीत मोडली की हात थरथरायचा रोग जडतो म्हणतात. शाळेत सिस्टर सांगायच्या, ही सगळी अंधश्रद्धा आहे. पण सिस्टरना जावई नव्हते.

आणि लुतायाचं पोट हातावर. मसाका रस्त्यावरच्या कॉफी कंपनीत तो कॉफी चाखून तिची प्रत ठरवतो. एका ओळीत वीस वाट्या मांडलेल्या असतात. चमचा बुडवायचा, घोट फुर्र करून ओढायचा, थुंकायचा, पुढची वाटी. चमच्याचा हात हलला तर संपलं.

३ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांचा गुणवत्ता प्रमुख नोकरी सोडून कंपालाला गेला. त्याच दुपारी लुतायाला एका ओळीचं पत्र मिळालं: पुढील व्यवस्था होईपर्यंत प्रभारी प्रमुख म्हणून काम पाहावे. माझ्या मुलीने, रेस्टीने, ते मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. मी डायरीत लिहिलं, 'देव पावला.' पुढील व्यवस्था तीन वर्षं चार महिने झाली नाही.

काम प्रमुखाचं, सही प्रमुखाची, शिव्या प्रमुखाच्या, फक्त पद त्याचं नाही. दारावरच्या पाटीवर 'प्रभारी' हा शब्द पहिल्या वर्षी कागदावर लिहून चिकटवला होता. दुसऱ्या वर्षी तो कागद गळून पडला, तेव्हा कोणीतरी तोच शब्द पक्क्या रंगात रंगवून घेतला. टाळेबंदीत गाड्या बंद होत्या तेव्हा हा माणूस सतरा किलोमीटर सायकल मारून प्रयोगशाळा उघडत होता. ह्या काळात त्याने तीन पोरांना चाखायला शिकवलं. तिघांनाही दुसरीकडे कायमच्या नोकऱ्या लागल्या आणि तिघांनीही जाताना त्याच्याकडूनच शिफारसपत्र नेलं.

क्वांजुला, म्हणजे आमच्याकडचा मागणीचा विधी, २०१९ मध्येच झाला होता. त्याची माणसं टोपल्या घेऊन अंगणात आली, आम्ही मुलगी दिली, त्या दिवसापासून तो माझा जावई. चर्चमधलं लग्न मात्र राहिलं. तो म्हणायचा, "पत्र हातात आलं की दुसऱ्या दिवशी फादरकडे जाऊ. कायम नसलेल्या माणसाने वेदीसमोर कशाच्या जोरावर उभं राहायचं?"

रेस्टी शाळेत शिकवते, तिची जीभ खडूपेक्षा कोरडी. "ऑफिसात प्रभारी, घरात प्रभारी," ती म्हणायची. "उद्या मुलं झाली तर त्यांचाही प्रभारी बाप! बारशाला पुढील व्यवस्था होईपर्यंत नाव ठेवू."

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. बुकुलुलाच्या आमच्या भागातले सगळेच त्या कंपनीला कॉफी घालतात, मीही घालते. नवरा गेल्यापासून साडेतीन एकर मीच बघते. म्हणजे माझ्या कॉफीची प्रत माझाच जावई ठरवत होता. क्वांजुलाच्या आठवड्यातच त्याने तेव्हाचे व्यवस्थापक ब्यामुगिशा यांना हे सांगितलं होतं. ब्यामुगिशा हसले. "अरे, मसाक्यात कोण कोणाचा पाहुणा नाही? जा, वाट्या मांड." लुताया गेला आणि वाट्या मांडल्या. कागदावर काही लिहून घ्यायचं त्याला सुचलं नाही. आमच्याकडे मोठ्या माणसाला सांगितलं म्हणजे सांगितलं. त्याच्याकडून पावती मागायची म्हणजे त्याला खोटा ठरवणं.

गेल्या वर्षी ब्यामुगिशा निवृत्त झाले आणि घानाहून टेट्टे नावाचे साहेब आले. त्यांनी आल्याआल्या सांगितलं की हे प्रभारीचं नाटक बंद, जागा रीतसर भरायची. उमेदवार दोन उरले: लुताया आणि कंपालाचा अतुहैरे. अतुहैरे सत्तावीस वर्षांचा, व्यवस्थापनाची पदवी, चकचकीत बूट. मुलाखतीआधी दोघांनाही शेतकऱ्याच्या अंगणात नेऊन तिथे ते कसे बोलतात-वागतात हे बघायचं साहेबांनी ठरवलं. मंगळवारी कंपनीचा माणूस येऊन सांगून गेला. अंगण माझं निघालं.

मी लगेच रेस्टीला फोन लावला. "मी ताप आला म्हणून सांगते."

"सांगू नकोस. लुतायाने साहेबांना म्हटलं, दुसरं अंगण घ्या. ते म्हणाले, का, ह्या बाईशी तुझं काही वाकडं आहे? आता तू आजारी पडलीस तर त्यांची खात्रीच होईल."

"मग खरं काय ते सांगून टाकावं ना त्याने."

"आज? मुलाखत सहा दिवसांवर असताना? म्हणतील, सासूची कॉफी पास करत होता आणि इतकी वर्षं लपवलं. आई, तू फक्त गप्प बस. एक दिवस. जमेल?"

जमेल, म्हटलं.

८ जूनला, गुरुवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी गाडी आली. मी डोक्यावरून रुमाल घेऊन दारात चटईवर बसले होते. साहेब उतरले, अतुहैरे उतरला. लुताया उतरला आणि फाटकाशीच थांबला. मग फणसाच्या झाडापलीकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

अतुहैरे सरळ चटईजवळ येऊन गुडघ्यावर बसला आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. "न्याबो, पीक कसं आहे? कीड नाही ना लागली?" मला मानाने न्याबो म्हणणारं पोरगं गोड होतं, खोटं कशाला बोलू. ताडपत्रीवर वाळत घातलेली कॉफी त्याने मुठीत घेतली, वास घेतला आणि म्हणाला, "छान." ती छान नव्हती. तिला अजून दोन दिवसांचं ऊन हवं होतं. मला ते कळत होतं आणि फणसाआडच्या पाठीलाही कळत असणार.

"लुताया!" साहेबांनी हाक मारली. "इकडे ये. ह्या आईंना सांग त्यांची कॉफी कशी आहे."

"सर, मूठभर इकडे पाठवली तर बरं होईल," लुताया झाडाला म्हणाला.

"तुझ्या पायाला काय झालंय?"

"काही नाही, सर."

"शेतकऱ्यासमोर उभं राहून बोलता येत नाही? उद्या प्रमुख झालास तर काय पत्रं पाठवणार?"

लुतायाचा खाली गेलेला खांदा आणखी खाली गेला. अतुहैरेने मूठभर कॉफी नेऊन दिली. त्याने ती कानाशी हलवली, दाताखाली एक दाणा फोडला, आणि तसाच पाठमोरा म्हणाला, "ओल सोळाच्या वर आहे. दोन दिवस थांबा म्हणावं." अगदी बरोबर. पण साहेबांचं लक्ष त्याच्या शब्दांकडे नव्हतं. ते त्याची पाठ बघत होते.

मग ते माझ्याकडे वळले. "बाई, हा माणूस तुमच्याशी नेहमी असाच वागतो?"

गप्प बसायचं होतं मला. पण अंगणात एक चांगला माणूस मूर्ख ठरत होता आणि त्याला कारण मी होते. मला वाटलं, नातं न सांगता त्याचा खरेपणा सांगावा. मी शाळेतल्या इंग्रजीत म्हटलं, "साहेब, ह्याने दोनदा माझी पोती परत पाठवली आहेत. एकदा सातच्या सात."

साहेबांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. गाडी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी केली ती स्तुती त्यांनी तक्रार म्हणून लिहून घेतली होती.

रेस्टीचा फोन दुपारीच आला. "एक दिवस, आई. एक दिवस मागितला होता."

मुलाखत सोमवारी दुपारी होती. सोमवारी सकाळी मी ठेवणीतली गोमेसी नेसले, २०२० आणि २०२१ च्या डायऱ्या पिशवीत घातल्या आणि टॅक्सीने कंपनीत गेले. रेस्टीला वाटेत फोन करून सांगितलं, म्हणजे लुताया समोर पडायला नको. मी फाटकातून आत शिरले तेव्हा तो मागच्या गोदामात गेला होता.

टेट्टे साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी सगळं सांगितलं: नातं, रीत, ब्यामुगिशा काय म्हणाले ते. मग डायरी उघडून वाचलं.

"१४ जुलै २०२०. लुतायाने सातही पोती परत पाठवली. ओल सतरा म्हणे. भाडं दोन्ही बाजूंचं माझ्याच डोक्यावर. जावई शोधला की जकातदार?"

साहेब मोठ्याने हसले. मला धीर आला. पुढचं पान काढलं.

"२ डिसेंबर २०२१. दोन पोती परत. त्याने चिठ्ठीत लिहिलं आहे की मातीचा वास येतो. मेल्याचं नाक आहे की कुत्र्याचं? ताडपत्री फाटली होती म्हणून दोनच दिवस उघड्या जमिनीवर वाळवली होती. कोणाला कळणार नाही असं वाटलं होतं. माझं चुकलं, पण सासूला तरी सोडायचं."

ह्यावर साहेब हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"बाई, हा माणूस प्रामाणिक आहे ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही."

"मग झालं तर."

"झालं नाही. नातेवाइकाचा माल तपासत असेल तर लेखी कळवायचं, हा कंपनीचा नियम आहे. फाइलमध्ये तसा कागद नाही. गुरुवारी मला वाटलं की तो लाजाळू आहे. लाजाळूपणाला औषध असतं. पण आता तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं, म्हणजे मला हे वरती लिहावंच लागणार."

"ब्यामुगिशांना विचारा की!"

"विचारतो. पण ते आता कोणी नाहीत. त्यांचं तोंडी सांगणं मी फाइलमध्ये कुठे लावू?"

मी म्हटलं, "ही डायरी लावा." ते म्हणाले, "ही सासूची डायरी आहे." मी डायऱ्या पिशवीत घातल्या. चहा तसाच राहिला.

मुलाखत झाली. २३ जूनला पत्र आलं. जागा अतुहैरेला. लुतायाने नव्या प्रमुखाला सहा महिने मार्गदर्शन करावे. आमच्या भागातली कॉफी लुतायाने ह्यापुढे तपासू नये. पत्राच्या शेवटी त्याच्या 'प्रभारी काळातील मोलाच्या सेवेबद्दल' आभार मानले होते. पाटीवरचा पक्का रंग एका सकाळी थिनरने पुसला. अतुहैरे त्याच दिवशी वही घेऊन लुतायाशेजारी बसला आणि म्हणाला, "दादा, सोळा टक्के ओल दाताने कशी ओळखायची ते आधी शिकवा." हे रेस्टीने सांगितलं तेव्हा ती हसत होती की रडत होती, फोनवर मला कळलं नाही. लग्नाचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.

रविवारी, ९ जुलैला, चारच्या सुमाराला कुंपणाच्या भिंतीपलीकडे कोणीतरी खाकरलं. मी रुमाल डोक्यावर ओढला आणि भिंतीच्या अलीकडे स्टूल घेऊन बसले.

"न्याबो, कशा आहात?"

"बरी आहे. तू कसा आहेस, बाबा?"

"आहे." मला वाटलं, आता बोलेल. बोलायचा त्याला हक्क होता. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्याचं नुकसान केलं. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

"नाही. ब्यामुगिशांना सांगितलं त्याच दिवशी मी एक ओळ लिहून द्यायला हवी होती. लाज वाटली." मग तो म्हणाला, "एक विचारायचं होतं. तुमच्या डायऱ्यांमध्ये माझ्याबद्दल किती ठिकाणी लिहिलंय?"

मी मोजलं होतं. मुलाखतीच्या आठवड्यात मला झोप कुठे होती. "एकवीस."

"त्या मला उतरवून द्याल? तारखांसकट. इशाकाला कॉफीची एक नवी गिरणी निघते आहे, त्यांना चाखणारा हवाय. ते विचारतात, तीन वर्षं प्रमुखाचं काम चोख केलंस ह्याचा पुरावा काय? कंपनी म्हणते, अशा पदाचा दाखला देता येत नाही, कारण मी त्या पदावर कधी नव्हतोच."

"अरे, त्यात सगळ्या शिव्या आहेत."

"त्याच हव्यात, न्याबो. स्तुती कोणीही लिहून देतं."

"आणि वर सासूचं नाव घालू?"

"घाला. नातंही लिहा. ह्या वेळी पहिल्याच ओळीत."

मी आत जाऊन बसले. एकवीस नोंदी, बारीक अक्षरात चार पानं. 'मेल्याचं नाक' लिहिताना हात थांबला, पण जसं होतं तसं उतरवलं. खाली सही केली, तारीख घातली. तोवर तो भिंतीपलीकडे उभाच होता. मधूनमधून त्याच्या बुटांखालची खडी वाजत होती. पानं त्याच्या हातात देता येत नव्हती. भिंतीवर ठेवली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवला आणि घरात येऊन दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने दगड सरकल्याचा आवाज आला.